नऊ नंबरची चाळीस मिनिटं

कोरा नावाच्या यंत्राला पोहे करायला शिकवताना माझ्या नाकी नऊ आले होते. आमच्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाची ही पहिली परीक्षा असते. मी लिहिलं होतं, 'पोहे भिजवा, फोडणी करा, पोहे घालून परता, वाफ आणा, वरून कोथिंबीर घाला आणि वाढा.' जन्मभर पोहे करणाऱ्या बाईला याहून जास्त काय लिहायचं असतं? कोऱ्यानं दोन मिनिटांत एकतीस प्रश्न काढले. भिजवायचे म्हणजे किती वेळ, फोडणीत काय काय, वाफ कुठून आणायची. शेवटचा प्रश्न होता, कोथिंबीर किती उंचीवरून घालायची. मी लॅपटॉप मिटला आणि सरळ पोहे करून खाल्ले.

माझं नाव वृंदा ठाकूर. चौदा वर्षं पेणच्या शाळेत भूगोल शिकवला, मग सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहू लागले. आमच्या वावेखार गावात मला 'कागदवाली' म्हणतात. माझ्या कामात कागद औषधालाही नसतो, पण लोकांना नाव ठेवायला कारण लागत नाही.

हे काम एवढं महत्त्वाचं कसं झालं, ते सांगते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्रोग्रॅम लिहायचं काम यंत्रांनी अंगावर घेतलं. ती भराभर लिहीत, दुसरी यंत्रं त्यावर ठिगळं लावीत, तिसरी त्या ठिगळांवर. काही वर्षांत अशी गोधडी झाली की मूळ कापड कोणतं ते कुणालाच सांगता येईना. एका शहराचा पाणीपुरवठा चार दिवस बंद पडला आणि का बंद पडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा पुनर्बांधणीचा कायदा आला. पाणी, वीज, दवाखाने अशा सार्वजनिक कामाचे सगळे प्रोग्रॅम ठरावीक वर्षांनी फेकून द्यायचे आणि डॉक्युमेंट वाचून यंत्रानं ते नव्यानं लिहायचे. त्यानं जुन्याकडे बघायचंसुद्धा नाही. म्हणजे डॉक्युमेंटमध्ये जे नाही, ते पुढच्या प्रोग्रॅममध्येही नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

पहिल्या पुनर्बांधणीत सर्वज्ञ यंत्रं वापरली आणि सगळे फसले. त्या यंत्रांना जगातलं सगळं ठाऊक. डॉक्युमेंटमध्ये काही राहिलं असेल तर ती अंदाजानं भरून काढत, आणि अंदाज इतका पटण्यासारखा असे की चूक कुणाच्या लक्षातच येत नसे. म्हणून मग कोरा आला. हे मुद्दाम अडाणी ठेवलेलं यंत्र आहे. त्याला भाषा येते, हिशेब येतो, बाकी जगाची काही खबर नाही. एक डॉक्युमेंट दिलं की कोऱ्याच्या हजार प्रती ते वेगवेगळ्या बसून वाचतात आणि प्रत्येक प्रत आपापला प्रोग्रॅम लिहिते. मग ते हजार प्रोग्रॅम ताडून बघायचे. जिथे दोहोंत फरक पडला, तिथे आपलं वाक्य धड नाही. कोरा तिथे थांबतो आणि विचारतो. हजारांचं एकमत झालं की डॉक्युमेंट पास. शिवाय एक नियम असा की कारणाशिवाय आकडा लिहायचा नाही, कारण परिस्थिती बदलली तर कोणता आकडा हलवायचा आणि कोणता नाही, हे पुढच्याला कळायला हवं.

दिवसभर असल्या गृहस्थाशी बोलून माणसाला सवय लागते. मी घरातही 'का' विचारू लागले, आणि माझी गाठ होती हेमकांतशी. हेमकांत म्हणजे माझा नवरा. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीवर त्यानं अख्खं आयुष्य काढलं आहे. चोवीस वर्षांपूर्वी मला बघायला आला, चहा प्यायला, हो म्हणाला. का हो म्हणालास, असं मी लग्नानंतर विचारलं तर 'असंच' म्हणाला. एकदा पुढचं दार हिरवं रंगवलं. का? असंच. मला राग यायचा, पण माणूस मनानं चांगला आहे, म्हणून चालवून घेतलं.

त्याचं आयुष्यातलं मोठं काम म्हणजे आमच्या खारातली सतरा दारं. आमची भातशेती खाडीच्या कडेला आहे, तिलाच खार म्हणतात. मध्ये मातीचा बांध, आणि बांधाला जागोजागी पाण्याची दारं. त्यांना आम्ही उघाड्या म्हणतो. भरतीला उघाडी बंद ठेवायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला उघडायची, म्हणजे शेतात साचलेलं गोडं पाणी खाडीत जातं. एकदा खारं पाणी शिरलं की पुढे दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात नाही. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव बाबा म्हणायचं, ते ही दारं हातानं चालवायचे. अठरा वर्षांपूर्वी दारांना मोटारी बसल्या, तेव्हा हेमकांतनं बाबांना विचारविचारून सगळा प्रोग्रॅम लिहिला. बाबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. दारं अजून बिनचूक चालतात.

यंदा त्याच्या प्रोग्रॅमची पुनर्बांधणी ठरली आणि डॉक्युमेंट लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते नापास झालं असतं तर सतरा दारं बाहेरच्या कंपनीच्या ताब्यात गेली असती आणि हेमकांतची अठरा वर्षं पाण्यात. तो बोलला नाही, पण जेवताना दोनदा विचारून गेला, कुठवर आलं.

सोळा दारं मी तीन आठवड्यांत लिहिली. नवव्या दारापाशी अडकले. बाकीची दारं बाहेरचं पाणी पुरेसं उतरलं की लगेच उघडत. नववं दार त्यानंतर चाळीस मिनिटं थांबत होतं. हेमकांतच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्या ओळीपुढे एक शेरा होता, 'बाबांनी सांगितलं.' अख्ख्या प्रोग्रॅममधला एकमेव शेरा.

मी हेमकांतला विचारलं, चाळीस का? तो म्हणाला, तांत्रिक आहे, आहे तसं लिही. मी लिहिलं, 'चाळीस मिनिटं थांबावे, कारण बाबांनी सांगितलं.' कोऱ्यानं विचारलं, बाबा हे कोणतं उपकरण आहे आणि ते कुठे बसवलं आहे? मी पुन्हा हेमकांतकडे गेले. या खेपेला तो चिडला. अठरा वर्षं चाललंय ना, मग हात कशाला लावता, असं म्हणून अंगणात निघून गेला. मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी भूगोलाची बाई. ओहोटी लागली की गढूळ पाणी निवळायला वेळ लागतो, हे मी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं. मी लिहिलं, 'दाराबाहेरचा गाळ खाली बसावा म्हणून चाळीस मिनिटं थांबावे.'

कोऱ्याच्या हजारही प्रतींचं एकमत झालं. एकही प्रश्न आला नाही. माझ्या वाक्यात संदिग्ध असं काही नव्हतंच. ते फक्त खरं नव्हतं, आणि खरंखोटं ओळखायची सोय कोऱ्यात नाही. जे काम सर्वज्ञ यंत्रं करत म्हणून त्यांना हाकललं, तेच मी करून बसले होते.

मला तेव्हा यातलं काही टोचलं नाही, हे कबूल करते. उलट ही कामं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र आलं, की हे डॉक्युमेंट जिल्ह्यात नमुना म्हणून दाखवलं जाईल. मी ते पत्र फ्रेम करून घेतलं. त्या दिवशी दारावर मासे विकायला येणाऱ्या पद्माबाईंकडून निवटे घेतले, चिंच आणि मसाला घालून कालवण केलं. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, हेमकांतच्या जिवाचे. तोही खुशीत होता. दोन घास जास्त जेवला.

नवी प्रणाली भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू व्हायची होती. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही बेताच्या, काही चुकलं तरी खारं पाणी आत शिरायची भीती कमी. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला अजून कुणी मोबाइल बघत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. नवव्या दारापाशी बाहेरचं पाणी साडेनऊला पुरेसं उतरणार होतं. पहिल्या ओहोटीला माणसानं मध्ये पडायचं नाही, म्हणून खात्यानं हेमकांतचा पासवर्डसुद्धा बंद ठेवला होता. तो सकाळपासून ओट्यावर बसून होता, परीक्षा आपली असल्यासारखा.

सव्वानऊला पद्माबाई टोपली घेऊन आल्या. खाडीपलीकडच्या पाड्यावरच्या, साठीच्या. आठवड्यातून दोनदा येतात, बारा वर्षं येतात. मी निवटे घेतले आणि सवयीनं विचारलं, की आज लवकर कशा आलात. त्या म्हणाल्या, कालचे उरलेले होते म्हणून आधी इकडे आले, सुना पुढे गेल्यात. मी विचारलं, कुठे. नऊ नंबरला, त्या म्हणाल्या. आजवर बारा वर्षांत मी त्यांना हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

नऊ नंबरलाच का, हाही प्रश्न माझ्या तोंडून आपसूक आला. पद्माबाईंनी टोपली खाली ठेवली.

"तुजा सासरा दगरावं बसायचा बाय. भितीवरची पांढरी रेग उघरी परली का आमी उतरायचो. श्येवटची बाय वर आली का मंग तो दार उघरायचा. चालीस मिंटं हायती ती आमची. आता मशीन हाय, पन मशीनबी आमाला तेवराच येल देतं."

नव्या प्रणालीच्या तक्त्यातला नवव्या दाराचा आकडा मी दोन दिवसांपूर्वी पाहिला होता. मी लिहिलं होतं गाळ बसावा म्हणून. दारांवर आता गढूळपणा मोजणारं यंत्र आहे. नव्या प्रोग्रॅमनं ते बघून ठरवलं होतं, की गाळ सहा मिनिटांत बसतो, चाळीस कशाला. मीही तेव्हा मान डोलावली होती, वेळ वाचला म्हणून.

मी हेमकांतला एका दमात सांगितलं. त्यानं लगेच स्कूटर काढली. पद्माबाई आणि टोपली ओट्यावरच राहिली. बांधाचा रस्ता ओला, आम्ही दोनदा घसरलो. नवव्या दाराशी पोहोचलो तेव्हा नऊ तेहतीस झाले होते. भिंतीवरची पांढरी रेघ उघडी पडलेली आणि खालच्या ओहोळात पाच बायका, मांडीपर्यंत चिखलात. मी वरून ओरडले. त्यांनी वर पाहिलं आणि हसून हात केला. चिखलात अडकलेल्या पायानं पटकन वर कसं येणार? दार उघडण्याआधी मिनिटभर भोंगा वाजतो, पण त्या मिनिटात वर यायला तिथे रस्ताच नाही.

हेमकांत सरळ दाराच्या चौकटीकडे गेला. मोटारी बसल्या तेव्हा बाबांनी हट्टानं एक लोखंडी खिट्टी ठेवून घेतली होती. ती भोकात घातली की दार वर सरकतच नाही. भोंगा वाजायला लागला. खिट्टी गंजली होती. हेमकांतनं दगडानं ठोकून ती आत घातली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात मोटार घरघरली, दोन-तीनदा हिसके दिले आणि थांबली. पाणी आतच राहिलं.

खाली बायकांना काय झालं ते कळलंच नाही. त्यांच्या लेखी दार अजून उघडायचं होतं आणि वेळ त्यांची होती. त्या निवटे धरत राहिल्या. मी बांधावर बसले. हेमकांत शेजारच्या मोठ्या दगडावर बसला. तो बाबांचा दगड असणार.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "बाबा म्हणाले नऊ नंबरला चाळीस, मी चाळीस लिहिलं. आमच्या घरात बाबांना का म्हणून कुणी विचारायचं नाही. तू विचारलंस तेव्हा माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

मी म्हटलं, लाज तर मला वाटायला हवी. तू गप्प बसलास, मी खोटं लिहिलं आणि वर फ्रेम करून लावलं. मग मला आठवलं की आम्ही ज्याचा शोध घेत होतो ते कारण आठवड्यातून दोनदा चिंच घालून खात होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि हेमकांतनं खांद्यावर हात ठेवला. दिवसाउजेडी, बांधावर, पाच बायकांसमोर त्यानं हे पहिल्यांदाच केलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी पाचवी बाई वर आली. हेमकांतनं पाचही जणी मोजल्या, पुन्हा मोजल्या, मग खिट्टी काढली. मोटारीनं पुन्हा जोर केला आणि दार वर सरकलं. पाणी धो-धो ओहोळात गेलं. मघाशी त्या उभ्या होत्या तिथे आता कमरेच्या वर पाणी होतं.

मी त्याच दिवशी खात्याला कळवलं, की माझ्या डॉक्युमेंटमधलं एक कारण मी मनानं लिहिलं होतं आणि ते चुकीचं आहे. खात्यानं नववं दार पंधरा दिवस जुन्या पद्धतीवर ठेवलं आणि कौतुकाचं पत्र परत मागवलं. फ्रेम माझ्याकडेच राहिली. आमच्या लग्नाच्या फोटोची जुनी चौकट तडकली होती, तो फोटो या फ्रेममध्ये नेमका बसला.

मग मी खरं कारण लिहायला बसले. 'नवव्या दाराबाहेरच्या ओहोळात पलीकडच्या पाड्यावरच्या बायका मासे धरायला उतरतात. भिंतीवरची पांढरी रेघ उघडी पडल्यापासून सुमारे चाळीस मिनिटं हा त्यांचा वेळ आहे. शेवटची बाई वर आल्याशिवाय दार उघडू नये.' पद्माबाईंना समोर बसवून शब्दन् शब्द वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, की मासेच नाहीत, चिंबोऱ्या म्हणजे खेकडेही असतात. मी चिंबोऱ्या घातल्या.

कोऱ्याच्या हजार प्रतींनी यावर हजार तऱ्हा केल्या. शेवटची बाई वर आली हे कसं कळायचं, एवढा एकच त्याचा प्रश्न होता. खात्यानं कॅमेरा सुचवला. पण ओहोळावर खारफुटीची झाडं वाकलेली, त्यांच्या आड कोण आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही. गळ्यात जागा सांगणारा बिल्ला घाला म्हणाले, तर पद्माबाईंनी असं पाहिलं की पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. दोन दिवस मी वाक्यं लिहून खोडत होते. तिसऱ्या दिवशी हेमकांत मागे येऊन उभा राहिला, पडद्यावरचा प्रश्न त्यानं सावकाश वाचला आणि म्हणाला, मी बसतो.

मग मी लिहिलं, 'दिवसाच्या ओहोटीला दाराशी एक माणूस बसेल. बायका रात्री उतरत नाहीत. उतरताना तो त्यांना मोजेल, वर येताना मोजेल. दोन्ही आकडे सारखे झाले आणि त्यानं सांगितलं की मगच दार उघडावे. माणूस नसेल तर दिवसा दार उघडू नये.' कोऱ्यानं शेवटचं विचारलं, यंत्र असताना माणूस का? मी कारण लिहिलं, की बायका झाडाआड असल्या तरी तो हाक मारून विचारू शकतो, आणि त्या त्याला उत्तर देतात. हजारांचं एकमत झालं. या खेपेला मला पत्राची वाट बघावीशी वाटली नाही.

आता दिवसाची ओहोटी असेल तेव्हा हेमकांत बाबांच्या दगडावर बसतो. पाड्यावरच्या बायका त्याला भाऊ म्हणतात आणि वाटेल ते प्रश्न विचारतात. तो उत्तरं देतो, असं पद्माबाई सांगतात. माझा आधी विश्वास बसला नव्हता.

काल दुपारी मी दुसऱ्या एका खाराचं डॉक्युमेंट लिहीत होते, तेव्हा त्याचा निरोप आला. नियमाप्रमाणे त्यानं फक्त 'उघडलं' एवढंच कळवायचं असतं. त्यानं लिहिलं होतं, 'आज अकरा मिनिटं उशिरा उघडलं. पद्माबाईंची खेकडे ओढायची आकडी चिखलात पडली होती, ती सापडेपर्यंत थांबलो.'

मी तो निरोप दोनदा वाचला. खाली आणखी एक ओळ होती. 'आणि आपल्या घराचं पुढचं दार हिरवं रंगवलं होतं, कारण तू एकदा म्हणाली होतीस, की तुझ्या माहेरचं हिरवं होतं.'

मी काहीच विचारलं नव्हतं.